पावसाळ्यात मॉडेलवरचा क्लिअर दुधासारखा पांढरा पडतोय? लगेच खरवडायला घेऊ नका

जुलै उजाडला की माझ्याकडे एकच फोटो यायला लागतो. माणूस वेगळा, गाडी वेगळी, फोटो तोच. प्लास्टिकच्या छोट्या मॉडेलगाडीची गडद रंगाची छान रंगवलेली बॉडी, तिच्यावर क्लिअरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक लॅकरचा थर, आणि त्या थरावर पातळ ताक सांडल्यासारखा पांढुरका पडदा. खाली प्रश्नही ठरलेला: "कॅन खराब लागला का हो?"

स्प्रेचा कॅन बहुतेक वेळा चांगलाच असतो. हातही चुकलेला नसतो. सांगलीत पावसाळ्यात हवा किती ओली असते ते आपण बघत नाही आणि कॅन हलवायला लागतो, चूक तिथं असते. मी स्वतः दोन पावसाळे हेच केलं आणि एक चांगलं बॉनेट जवळजवळ वाया घालवलं. तिसऱ्या पावसाळ्यात उपाय सापडला. खाली जे लिहितोय ते करून बघितलेलं आहे.

गाडी होती जॅग्वार ई-टाइप, पहिल्या मालिकेतली, १/२४ मापाची. खरी गाडी मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. लांबी साधारण ४.४५ मीटर, म्हणजे आपल्या टेबलावर साडेअठरा सेंटिमीटर, आणि त्यातले सात-आठ सेंटिमीटर नुसतं बॉनेट. तिचा आकार काढणारे माल्कम सेयर विमानाच्या कारखान्यातून आले होते आणि बॉडीची वळणं ते गणित मांडून काढायचे. त्यामुळे त्या बॉनेटवर नजर अडकेल अशी कडा कुठंच नाही. नाकापासून काचेपर्यंत उजेड सरळ वाहत जातो. रंग मी घेतला होता तामिया या जपानी मॉडेल कंपनीचा स्प्रे, टीएस-९, ब्रिटिश ग्रीन. इतका गडद हिरवा आणि इतकं सलग वळण असलं की पांढरेपणाचा ठिपकासुद्धा लपत नाही. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर हाच दोष येतो, पण दिसत नाही. म्हणून "माझ्या दुसऱ्या गाडीला कधी झालं नाही" असं वाटतं.

पहिल्या वर्षी क्लिअर पांढरा पडला तेव्हा मी घाबरून सगळा रंग उतरवला. घासताना बॉनेटवरच्या लूव्हरच्या कडा बोथट झाल्या. इंजिनाची गरम हवा बाहेर जायला बॉनेटवर ज्या बारीक चिरा असतात, त्यांना लूव्हर म्हणतात. १/२४ मध्ये ती चीर बोटाला जेमतेम लागते. सुईच्या टोकानं त्या पुन्हा कोरायला मला पंधरा दिवस लागले, आणि तरी उजवीकडच्या दोन आजही डावीकडच्यांसारख्या नाहीत. उतरवण्याची गरज मुळात नव्हतीच, हे मला नंतर कळलं. म्हणून शीर्षकातच लिहिलंय, खरवडू नका.

आधी ठरवा, पांढरेपणा कुठला

पांढरं दिसतं म्हणजे ओलावाच अडकलाय असं नाही. उपाय वेगवेगळे आहेत, त्यामुळे ओळख पटवल्याशिवाय हात लावू नका. मी तरी आता पहिलं काम हेच करतो.

रंग पूर्ण वाळू द्या. मग त्या पांढऱ्या जागेवर स्वच्छ पाण्याचा एक थेंब ठेवा आणि टेबललॅम्पखाली तिरक्या नजरेनं बघा. थेंबाखालचा पांढरेपणा गायब होऊन खोल रंग दिसला, तर दोष पृष्ठभागावरचा आहे. एकतर फवारा लांबून मारल्यामुळे क्लिअरचे कण वाटेतच वाळून पिठासारखे बसलेत, नाहीतर वॉटर पेपरचे बारीक ओरखडे राहिलेत. पाणी त्या खाचा भरतं म्हणून रंग उमटतो. पाणी सुकलं की पांढरेपणा परत येतो. यावर उपाय कंपाउंड (घासून गुळगुळीत करायची पेस्ट) आणि पॉलिशचा. हवेचा इथं काही संबंध नाही.

थेंबाखालीही पांढरं तसंच राहिलं, अंधुक, दुधाळ, जणू काचेच्या आतून वाफ धरलीय, तर ओलावा थरात अडकलाय. ही पोस्ट मुख्यतः त्याबद्दल आहे.

फक्त लूव्हरच्या खाचांत, दाराच्या फटीत, बॉनेटच्या कडेला पांढरं असेल तर तो कंपाउंडचा गाळ. मऊ दातघासणी, कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, झालं. फटीत फार बसला असेल तर टूथपिकचं टोक ओलं करून हलकं फिरवा.

आणि फक्त काचांवर, हेडलाइटच्या काचेवर पांढरी पूड धरली असेल तर ते प्रकरण गोंदाचं. त्याकडे शेवटी येतो.

ओलावा थरात जातो कसा

लॅकर जातीच्या रंगात थिनर फार लवकर उडतो. उडताना तो उष्णता घेऊन जातो, म्हणून नुकताच रंगवलेला पृष्ठभाग खोलीच्या हवेपेक्षा थंड पडतो. स्पिरिटचा बोळा हातावर फिरवला की गार लागतं, तेच इथं होतं. स्प्रे कॅनमध्ये तर आणखी भर, कारण कॅनमध्ये दाबानं द्रव झालेला वायू बाहेर पडताना झटकन उडतो आणि फवाराच गार निघतो. पाचसहा फवारे सलग मारून कॅनच्या तळाला हात लावा, गारवा कळेल.

आता हवेत जेवढं पाणी आहे त्यावर एक तापमान ठरतं. त्याच्या खाली गेलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. त्याला दवबिंदू म्हणतात. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम येतो तो यामुळेच. क्लिअरचा थर ओला असताना दवबिंदूच्या खाली गेला की त्याच्यावर आणि त्याच्यात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब बसतात. थिनर निघून जातो, थर घट्ट होतो, थेंबांच्या जागा मागे राहतात. उजेड त्यांच्यावर विखुरतो आणि आपल्याला दूध दिसतं.

हिशोब सोपा आहे. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर १०० मधून ती वजा करा आणि पाचनं भागा. जे येईल तितके अंश दवबिंदू खोलीच्या तापमानाच्या खाली आहे. अंदाज आहे, पण आपल्या कामाला पुरतो. समजा जुलैतल्या संध्याकाळी खोलीत २७ अंश आणि आर्द्रता ८८ टक्के. १०० वजा ८८ म्हणजे १२, भागिले ५, म्हणजे जेमतेम अडीच अंश. कॅनचा फवारा बॉडीला तेवढं गार सहज करतो. एप्रिलच्या दुपारी आर्द्रता इतकी खाली असते की दवबिंदू कितीतरी अंश लांब राहतो. म्हणून उन्हाळ्यात रंगवलेल्या गाडीला हा त्रास होत नाही. उन्हाळ्याचा त्रास वेगळा. तेव्हा कण वाटेतच वाळतात आणि संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा येतो, पण तो पॉलिशनं जातो.

माझा नियम असा. आर्द्रता ७५ च्या वर असेल तर क्लिअर मारत नाही. ६० ते ७५ मध्ये खाली सांगितलेली सगळी काळजी घेऊन मारतो. ६० च्या खाली बिनधास्त. आकडा डोळ्यांनी कळत नाही, पाऊस उघडला म्हणजे हवा सुकली असंही नाही. तीन-चारशे रुपयांत तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र मिळतं. एका कॅनच्या किमतीपेक्षा ते स्वस्त पडतं. ते रंगवायच्या जागेजवळ ठेवा, हॉलमध्ये नको.

त्या यंत्रानं मला एक गोष्ट लगेच दाखवली. मी मागच्या खोलीत रंगवतो, आणि पावसाळ्यात आमचे धुतलेले कपडे त्याच खोलीत दोरीवर वाळत असतात. सगळ्यांच्याच घरी असतात. आकडा होता ८६. दोरीवरचे कपडे बाहेर नेले, दार लावलं, दोन तास थांबलो, ७४ झाला. दोन वर्षं मी ओल्या टॉवेलांखाली उभा राहून क्लिअर मारत होतो! स्वयंपाकघरात कुकर चालू असतानाही हाच प्रकार होतो. सकाळी पोळ्या-भात उरकून घर मोकळं झाल्यावर दुपारी तीनच्या सुमारास आकडा दिवसातला सगळ्यात कमी असतो, असं माझं निरीक्षण आहे.

मिरजेत काय शिकलो

तिसऱ्या पावसाळ्यात बॉनेट तसंच पांढरं ठेवून मी मिरजेला गेलो. माझ्या मित्राची तानपुऱ्याची दुरुस्ती होती, मी सोबत होतो. मिरजेची सतार आणि तानपुरा सगळ्या देशात जातो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. त्या वाद्यांवर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हातानं पॉलिश चढवायची जुनी पद्धत आहे. दुकानात एक तुंबा, म्हणजे वाद्याचा भोपळा, पॉलिशला घेतलेला होता, वर पिवळ्या बल्बचा उजेड. मी सहज खिशातून डबी काढून बॉनेट दाखवलं. तिथल्या कारागीर चाचांनी ते उजेडाकडे तिरकं धरलं, बोट न लावता बघितलं आणि म्हणाले, "रंग चांगलाय. पाणी पिलंय त्यानं. आमची लाख पण पावसात असंच करतीय."

मग त्यांनी करून दाखवलं. पॉलिशची एक पट्टी मुद्दाम ओल्या हवेत चढवून पांढरी पडू दिलेली त्यांच्याकडे होती, नव्या पोरांना दाखवायला. त्यांनी कापडाच्या बोळ्याला अगदी जरासं ताजं स्पिरिट लावलं, बोळा तळहातावर दाबून बघितला, ओल दिसली नाही याची खात्री केली, आणि पट्टीवरून एकदाच, न थांबता, सरळ नेला. पांढरेपणा त्या बोळ्यामागे पुसत गेला. खालची लाख मधासारखी वर आली. "खरवडायचं नाय. परत मऊ करायचं, मग पाणी आपलं आपण निघून जातंय. आणि सावकाश वाळू द्यायचं."

त्यातली सावकाश वाळू देण्याची गोष्ट मी इतकी वर्षं सोडून दिली होती. सगळी घाई मी वाळवण्याचीच करत होतो. पंखा लावायचो, आणि पंख्यानं थिनर आणखी भरभर उडून थर आणखी गार पडायचा.

एक सांगतो, चपडा लाखेवर स्पिरिट चालतं म्हणून प्लास्टिकच्या मॉडेलवर बोळा फिरवू नका. तत्त्व तेच, द्रव वेगळा, आणि बोळ्याऐवजी फवारा.

पांढरा पडलेला थर परत कसा आणायचा

क्लिअर मारून तासाच्या आत पांढरेपणा दिसला तर आधी काहीच मारू नका. बॉडी कोरड्या, थोड्या कोमट जागी हलवा. थर अजून मऊ असतो. हलका पांढरेपणा असेल तर तासाभरात आपोआप विरतो. हेअर ड्रायरची ऊब लांबून, किमान फूटभर अंतरावरून द्यायला हरकत नाही, पण हात पुढे धरून बघा. हाताला चटका बसत असेल तर प्लास्टिकलाही बसतोय. पातळ खांब, म्हणजे काचेच्या दोन्ही बाजूंचे, सगळ्यात आधी वाकतात.

दुसऱ्या दिवशीही राहिला असेल तर रिटार्डर. हे सावकाश उडणारं द्रावण. लाकडी फर्निचरवर लॅकर मारणाऱ्या कारागिरांना ते ओळखीचं आहे आणि रंगाच्या दुकानात त्याच नावानं मिळतं. मॉडेलसाठी मी मात्र मॉडेलचंच वापरतो: मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर, ज्यात रिटार्डर आधीच असतो, किंवा तामियाचा रिटार्डर असलेला लॅकर थिनर. गाड्यांच्या गॅरेजमधला एनसी थिनर पॉलिस्टायरीनला, म्हणजे मॉडेलच्या प्लास्टिकला खातो. लोखंडी पत्र्यासाठी तो ठीक, आपल्या बॉडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पाडेल आणि त्या पुन्हा भरून येत नाहीत. यावर कुणाचंही ऐकू नका.

करायचं असं. कोरडा दिवस बघा, ७० च्या खाली आकडा. एअरब्रशच्या (हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेनासारख्या यंत्राच्या) कपात नुसता लेव्हलिंग थिनर, रंग नाही, क्लिअर नाही. दाब १२ ते १५ पीएसआय. अंतर एक वीतभर किंवा थोडं कमी. पहिला हात धुक्यासारखा, पृष्ठभाग ओला दिसणार नाही इतका. पाच मिनिटं थांबा. दुसरा हात जरा जवळून, उजेडाचं प्रतिबिंब बघत. एका क्षणी पांढरेपणाच्या कडा आत सरकायला लागतात आणि थर ओला चकचकीत होतो. तिथंच हात काढायचा. अजून एक फवारा मारला असता तर बरं झालं असतं, असं वाटेल त्या वेळी थांबायचं असतं. पुढचा फवारा ओघळ आणतो.

माझं बॉनेट दोन हातांत आलं. मधोमधचा उंचवटा तेवढा राहिला होता, कारण तिथं थर सगळ्यात जाड होता. दुसऱ्या दिवशी फक्त तेवढ्यावर तिसरा हात दिला.

डिकल, म्हणजे बॉडीवर चिकटवायचे छापील अंक-बिल्ले, लावून झाले असतील तर पहिले तीन-चार हात धुक्यासारखेच ठेवा. ओला हात बसला तर डिकलची शाई सुरकुतते. ई-टाइपवर डिकल फारसे नसतात, नंबरप्लेट आणि बिल्ले एवढंच, पण शर्यतीच्या गाड्यांवर अंकांचे मोठे गोल असतात, तिथं जपा.

एअरब्रश नसेल, सगळं काम कॅनवर असेल, तरी मार्ग आहे. खरोखर कोरडा दिवस येईपर्यंत थांबा आणि त्याच क्लिअरचा एक नीट ओला हात मारा. नव्या थराचा थिनर खालचा थर थोडा मऊ करतो आणि अडकलेला ओलावा बऱ्याचदा बाहेर पडतो. मात्र घाईनं दुसऱ्याच ओल्या दिवशी हे केलं तर पांढऱ्यावर पांढरं. माझी दुसऱ्या वर्षाची चूक नेमकी हीच होती. नवा कॅन आणला, हवा तीच.

खूप जुना पांढरेपणा, वर्षा-दोन वर्षांचा, कडक झालेल्या थरातला, एवढ्यानं हलत नाही. तो वरवरचा असेल तर ३००० नंबरचा पेपर पाण्यातून, मग कंपाउंड. खोल असेल तर पूर्ण क्लिअर घासून पातळ करून नव्यानं द्यावा लागतो. उंच कडांवर आणि लूव्हरवर आधी बारीक मास्किंग टेप लावा. घासताना पहिला रंग तिथूनच जातो.

पुन्हा होऊ नये म्हणून

आर्द्रता कमी करता येते, किंवा बॉडी गरम ठेवता येते, किंवा थिनर सावकाश उडेल असं करता येतं. तिन्ही थोडं थोडं केलं तर पावसाळ्यातही काम होतं.

घरात एसी असेल तर त्या खोलीत आर्द्रता आपोआप उतरते, पण रंगाचा वास घरभर होतो आणि वाफा बाहेर काढायला पंखा लावला की बाहेरची ओली हवा आत ओढली जाते. म्हणून मी एसीत रंगवत नाही. एसीत फक्त बॉडी आणि कॅन तासभर ठेवून उपयोग नाही, उलट गार बॉडी ओल्या खोलीत आणली की तिच्यावर दवच धरेल. हे एकानं केलं होतं आणि त्याला कारण कळत नव्हतं.

मी वापरतो ती पेटी साधी आहे. जुनी लाकडी पेटी, आत एका कोपऱ्यात ४० वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब, मध्ये पत्र्याचा आडोसा म्हणजे उजेडाची धग थेट बॉडीवर येणार नाही, वर चार भोकं. पोल्ट्रीवाले पिलांना ऊब देतात तशीच. आत तापमान ३८ ते ४० वर स्थिरावतं. ४५ च्या वर जाऊ देऊ नका. क्लिअर मारायच्या आधी बॉडी अर्धा तास त्यात. कॅन त्याच वेळी कोमट पाण्याच्या भांड्यात, अंघोळीच्या पाण्याहून जास्त गरम नाही. उकळतं पाणी, गॅस, स्टोव्ह यांच्याजवळ कॅन नेऊ नका, तो फुटतो. कोमट कॅनचा फवारा बारीक निघतो आणि गारही कमी असतो.

बॉडी पेटीतून काढली की हातात दोन मिनिटं आहेत. मिलिमीटरभर जाडीचं प्लास्टिक ऊब फार वेळ धरत नाही. म्हणून मास्क, हातमोजे, धरायची काडी, सगळं आधी तयार ठेवा. पहिला हात पातळ, छत, मग बॉनेट, मग बाजू. लगेच बॉडी ताटलीवर ठेवून वरून मोठा प्लास्टिकचा डबा पालथा घाला, आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या. पालथ्या डब्यात थिनरची वाफ कोंडते, त्यामुळे उरलेला थिनर सावकाश उडतो, थर कमी गार होतो, आणि आतली हवा कोरडी असते. शिवाय धूळ बसत नाही. वीस मिनिटांनी डबा काढून वाफ बाहेर जाऊ द्या आणि मगच बॉडी परत बल्बच्या पेटीत. ओला थर थेट पेटीत घालू नका, त्या वाफा पेट घेणाऱ्या असतात. फवारताना बल्ब बंद.

सिलिका जेल वेळोवेळी भाजून घ्या. रंग बदलणारे दाणे असतील तर ते भरले की कळतं. न बदलणारे असतील तर मी दर पावसाळ्याच्या सुरुवातीला तव्यावर मंद आचेवर कोरडे करून बरणीत घट्ट झाकतो. तो तवा फक्त त्यासाठीच ठेवलाय.

एअरब्रशनं क्लिअर मारत असाल तर थिनरमध्ये ५ ते १० टक्के रिटार्डर पुरे. जास्त घातला तर थर दिवसभर ओला राहतो, ओघळतो, केस-धूळ ओढतो. आणि कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ आठवतोय का? पावसाळ्यात तो रोज सोडायचा. हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत साचतं, मग पाइपातून थेंब थेंब सुईपर्यंत येतं. तसा थेंब बॉडीवर पडला तर पांढरा पडदा येत नाही, गोल खड्डा पडतो, आणि आपण तेलकटपणाचा दोष समजून बॉडी परत परत धुत बसतो. एक जलसापळा टाकीपाशी आणि दुसरा छोटा एअरब्रशच्या मुठीपाशी लावला तर हे थांबतं.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की मी रंगाचं काम पूर्ण बंद ठेवतो. त्या दिवसांत मनही त्यात नसतं, आणि हवा इतकी जड असते की पेटी-डबा काही पुरत नाही. तेव्हा इंजिन घ्या. ई-टाइपचं सहा सिलिंडरचं, दोन कॅमशाफ्टचं इंजिन बॉनेट उघडल्यावर पूर्ण दिसतं. वरची दोन ॲल्युमिनियमची झाकणं पॉलिश केलेली, बाजूला तीन एसयू कार्ब्युरेटर. प्लगच्या वायरी बारीक तांब्याच्या तारेच्या, तारांच्या चाकांना काळ्या रंगाचं पातळ पाणी, आतल्या सीटच्या शिवणी. ब्रशनं करायचं हे सगळं काम हवेवर अवलंबून नसतं. तासगावकडचे द्राक्षवाले बेदाणा शेडवर टाकायच्या आधी आभाळाकडे बघतात, आपणही क्लिअरसाठी तसंच बघायचं.

काचेवरची पांढरी पूड

पहिल्या मालिकेच्या ई-टाइपला हेडलाइटवर वळणदार काच आहे, आणि पुढच्या काचेला तीन वायपर. दोन्ही ठिकाणी माणूस सुपरग्लूकडे हात नेतो. सुपरग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्याशी जुळून घट्ट होते आणि जवळच्या काचेवर पांढरी पूड होऊन बसते, विशेषतः बोटांचे ठसे असतील तिथं. हेडलाइटच्या आत कोंडलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी आतून धुरकट झालेली दिसते आणि काच आता चिकटलेली असते.

काचेला सुपरग्लू लावूच नका. पांढरा फेविकॉल टूथपिकच्या टोकावर घेऊन कडेला लावा. वाळला की दिसत नाही, आणि चुकला तर ओल्या कापसानं निघतो. वायपरही त्यावरच बसतात, त्यांना कुठं पाऊस पुसायचाय. बॉडीच्या आत कुठं सुपरग्लू लागलाच, तर काचा बसवायच्या आधी, आणि झाल्यावर एक दिवस बॉडी उघडी ठेवून.

पूड बसलीच असेल आणि काच सुटी करता येत असेल, तर बारीक कंपाउंड मऊ सुती कापडावर घेऊन गोल गोल फिरवा, मग काच पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक क्लिअरमध्ये, तामियाच्या एक्स-२२ सारख्या, एकदा बुडवून उभी वाळवा. कडेचा थेंब टिश्यूच्या टोकानं टिपून घ्या, नाहीतर खाली लोंबतो. हे क्लिअर लॅकर नाही, सावकाश वाळतं, त्यामुळे काच पांढरी पडत नाही, पण पालथा डबा त्यावरही घाला.

माझ्या गाडीची डावी हेडलाइटची काच मी अशीच काढून साफ केली. उजवी काढताना कडेला केसाएवढी चीर गेली. ती मी बदलली नाही. बॉनेट मात्र सरळ आहे. वर ट्यूबलाइट लावली की तिची रेघ नाकापासून वायपरपर्यंत न तुटता जाते.